बेसिक कोर्स झाला, आता हात बसवायचा: मेकअप आर्टिस्ट म्हणून कॉन्फिडन्स येण्यासाठी काय प्रॅक्टिस करायची

बेसिक कोर्स झालाय, सर्टिफिकेट मिळालंय, मैत्रिणींचे, बहिणींचे मेकअप करून झालेत, फोटोखाली कौतुकाच्या कमेंट्स पण येतात, आणि तरीही पैसे देणारी अनोळखी क्लायंट खुर्चीत येऊन बसली की पोटात गोळा येतो, हात गार पडतात, रोजचाच ब्रश हातात परका वाटायला लागतो. तुमचं असं होत असेल तर हे तुमच्यासाठीच लिहितेय. मला नवीन मुलींचे मेसेज येतात की ताई कॉन्फिडन्सच येत नाही, कुठला ॲडव्हान्स कोर्स करू? मी आधी उलट विचारते, भीती नेमकी कशाची वाटते गं? थोडं खोदून विचारलं की उत्तर फिरून फिरून तिथेच येतं, "मध्येच काही बिघडलं आणि मला सावरता आलं नाही तर?"

मग ट्रेनिंग तिथलंच घ्यायला हवं ना. आपण सगळ्या मेकअप करायला शिकतो, बिघडलेला मेकअप सावरायला कोणी समोर बसवून शिकवत नाही. डेमोमध्ये मॉडेलची स्किन छान असते, लाइट छान असतो, कोणाला शिंक येत नाही की कोणाच्या डोळ्यात पाणी येत नाही. खऱ्या कामात रोज काहीतरी होतंच. इतक्या वर्षांत माझं मत असं झालंय की सिनियर आर्टिस्टच्या हातूनही चुका होतात, फक्त चूक झाल्यावरची पुढची दोन मिनिटं ती वेगळी वागते.

माझ्या सुरुवातीची एक गोष्ट सांगते. एका क्लायंटच्या ओठांच्या दोन्ही कडांना काळसर पिगमेंटेशन होतं. मी जिथे शिकले तिथे असा चेहरा कधी समोर बसवलाच नव्हता. मी काय केलं, तिच्या स्किनपेक्षा उजळ कन्सीलर घेतला आणि त्या डागांवर लावला. ते राखाडी दिसायला लागलं. मग घाबरून अजून एक थर, अजून राखाडी, वर पावडर, मग त्याला बारीक भेगा. ती एक शब्द बोलली नाही. आरशात बघितलं, टिश्यू घेतला आणि त्याचं टोक ओठाच्या कडेला हळूच टेकवलं, जसं काही काही लागलंय ते टिपतेय. तो टिश्यू मला अजून दिसतो. त्या दिवशी माझ्याकडे प्रॉडक्ट्स कमी नव्हती, पण हे का होतंय हेच माहीत नव्हतं त्यामुळे कुठे थांबायचं तेही कळलं नाही.

कारण अगदी साधं आहे. गडद, निळसर-तपकिरी डागावर उजळ रंग टाकला की खालचा रंग वरच्यातून डोकावतो आणि मिळून राख फासल्यासारखं दिसतं. आधी तो निळसरपणा मारायचा, म्हणजे त्याच्या विरुद्ध रंगाचा करेक्टर लावायचा. गोऱ्या स्किनवर पीच, गव्हाळ-सावळ्यावर ऑरेंज, अगदी गडद स्किनवर लालसर ऑरेंज. मुरुमांच्या लालीवर हिरवा, पण हिरवा इतका कमी की ब्रशवर दिसेल न दिसेल, नाहीतर ती हिरवट झाक नंतर फोटोत उमटते. करेक्टर फक्त डागापुरता, बाहेर पसरवायचा नाही, बोटाने किंवा लहान ब्रशने दाबून लावायचा, घासायचा नाही. आणि त्यावरचा कन्सीलर स्किनच्याच रंगाचा हवा, उजळ नाही. एवढं मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर त्या ताईला टिश्यू उचलावा लागला नसता.

मुद्दाम बिघडवा आणि सावरा

हा माझा सगळ्यात लाडका एक्सरसाइज आहे आणि यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो. आठवड्यातून एकदा एखादी मैत्रीण बसवा किंवा स्वतःचाच चेहरा घ्या, पूर्ण मेकअप करा, आणि मग मुद्दाम एक गोष्ट बिघडवा. टायमर लावा, ५ मिनिटं. पूर्ण मेकअप न पुसता तेवढीच जागा ठीक करायची. पहिल्यांदा १५ मिनिटं लागतील, अजून बिघडेल, चालतंय, म्हणूनच तर घरी करतोय.

मस्काराचा ठिपका तयार आयशॅडोवर पडला की हात आपोआप टिश्यूकडे जातो, आणि ओलं असताना पुसलं की काळा फराटा. त्याला हात लावायचा नाही, पूर्ण वाळू द्यायचं, तोवर दुसरं काहीतरी करायचं, आणि मग कोऱ्या, कोरड्या स्पूलीने (मस्काराच्या कांडीसारखा छोटा ब्रश) अलगद खरवडल्यासारखं करायचं, चुरा होऊन निघून जातं. राहिलंच थोडं तर तोच शॅडो वरून दाबायचा.

विंगचं दुखणं वेगळं. एक बाजू थोडी वर गेली म्हणून दुसरी वर नेली, मग ती जाड झाली म्हणून पहिली जाड केली, असं करत करत लायनर भुवईकडे निघतो. इथे वाढवायचं नाही, कमी करायचं. टोकदार कॉटन बड मायसेलर वॉटरमध्ये बुडवून आधी टिश्यूवर टिपून घ्यायचा, ओला ठेवायचा नाही, आणि खालच्या कडेने आत घासत टोक धारदार करायचं, मग त्या जागेवर किंचित कन्सीलर. आणि मुळात विंगची दिशा क्लायंटचे डोळे उघडे असताना, ती सरळ समोर बघत असताना ठरवायची, कारण डोळा मिटल्यावर जी रेघ सुंदर दिसते ती हुडेड डोळा, म्हणजे ज्याच्या पापणीवर वरची त्वचा झुकलेली असते तो, उघडला की घडीत मोडून जाते.

बेस पॅची झाला की अजून फाउंडेशन ओतू नका, प्लीज. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घ्या, दाबत राहा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच बसतं. नाही बसलं तर तेवढी जागा बडवर थोडं मॉइश्चरायझर घेऊन स्वच्छ करा, कडा स्पंजने विरवा आणि तिथेच पातळ थर पुन्हा द्या. डोळ्याखाली केकी झालं तर ओलसर स्पंजने आधी जास्तीची पावडर उचला, मग अनामिकेच्या टोकावर तांदळाच्या दाण्याएवढं आयक्रीम घेऊन दाबा. ब्लश जास्त झाला की त्यावर पावडर मारून काही होत नाही, ज्या स्पंजला बेसचं उरलेलं फाउंडेशन आहे तोच वरून टेकवत जायचा.

अश्रू आले तर डोळा पुसू द्यायचा नाही, हे आधीच सांगून ठेवायचं. टिश्यूची घडी करून तिचं टोक आतल्या कोपऱ्यात नुसतं टेकवून ठेवायचं, पाणी टिश्यू ओढून घेतो, मेकअप जागेवर राहतो. लॅशचा आतला कोपरा सुटला तर ग्लू चिमट्याच्या टोकाने लावून आधी ३० सेकंद थांबा, चिकट झाला की मगच दाबा, ओल्या ग्लूवर लॅश घसरतच राहते.

एक गोष्ट मात्र सावरता येत नाही, ती म्हणजे पिलिंग. फाउंडेशन लावताना खोडरबरच्या चुऱ्यासारख्या गोळ्या निघायला लागल्या की समजा खालचं आणि वरचं प्रॉडक्ट जमत नाहीये किंवा खालचं मुरलेलंच नाही. प्रॉडक्टच्या मागे पहिली चार-पाच नावं वाचायची सवय लावा, शेवटी "कोन" किंवा "सिलॉक्सेन" असलेली नावं वर असतील तर ते सिलिकॉन बेस, पहिलं पाणी असेल आणि सिलिकॉन खाली कुठेतरी असेल तर बहुतेक वॉटर बेस. सिलिकॉनचा प्रायमर जाड लावून वर वॉटर बेस फाउंडेशन घासलं की हे होण्याची शक्यता जास्त. नवीन जोडी आधी हाताच्या पाठीवर लावून बघा. आणि चेहऱ्यावर झालंच तर हट्ट न करता तेवढा भाग पूर्ण काढून मॉइश्चरायझरपासून सुरू करा, मॉइश्चरायझर लावून दोन-तीन मिनिटं थांबा. ते थांबणं फार अवघड जातं घाईत, पण थांबा.

वेगवेगळे चेहरे, वेगवेगळी स्किन

पोर्टफोलिओत २० फोटो आणि सगळ्या मुली एकाच रंगाच्या, एकाच वयाच्या, असं असेल तर भीती वाटणारच, कारण २१वी क्लायंट तशी नसणार. मी सांगते तो एक्सरसाइज असा की लूक एकच घ्यायचा, समजा सॉफ्ट ब्राउन आय आणि न्यूड लिप, आणि तोच दहा वेगळ्या चेहऱ्यांवर करायचा. गोरी, सावळी, खूप गडद, तेलकट, कोरडी, मुरुमांचे खड्डे असलेली, मोनोलिड (पापणीवर घडी नसलेले) डोळे, खोल डोळे, साठीच्या पुढची एखादी तरी. लूक तोच असल्यामुळे डोक्यात डिझाइनचा विचार राहत नाही आणि सगळं लक्ष चेहऱ्याकडे जातं. चौथ्या-पाचव्या चेहऱ्यापर्यंत कळायला लागतं की ज्याला आपण न्यूड म्हणत होतो तो रंग गडद ओठांवर खडूसारखा पांढरट दिसतो, आणि जो ब्राउन एकीच्या क्रीजमध्ये (पापणीच्या घडीत) सावली देतो तो दुसरीच्या डोळ्यावर दिसतसुद्धा नाही.

स्किनचे प्रकार म्हटलं की बऱ्याच कोर्समध्ये फिट्झपॅट्रिक स्केलचा तक्ता देतात. तो १९७५ मध्ये थॉमस फिट्झपॅट्रिक नावाच्या स्किनच्या डॉक्टरांनी मांडला, आणि तो मांडला स्किन उन्हाला कशी रिॲक्ट करते, भाजते की टॅन होते, हे ठरवण्यासाठी. त्यात सहा प्रकार आहेत. आपल्या कामात माहिती म्हणून ठीक आहे पण त्यावरून शेड मॅच करायला जाऊ नका, अंडरटोन, म्हणजे स्किनच्या आतली पिवळसर, गुलाबी किंवा हिरवट झाक, त्यात येतच नाही. एकाच गडदपणाच्या दोन मुलींपैकी एक पिवळसर आणि एक ऑलिव्ह, म्हणजे हिरवट झाकेची, असू शकते, आणि ऑलिव्हवर पिवळं फाउंडेशन लावलं की ते चेहऱ्यावर वेगळं तरंगतं.

शेड बघताना जबड्याच्या रेषेवरून मानेपर्यंत तीन पट्टे ओढा आणि १० मिनिटं थांबा. का थांबायचं, तर बरीच फाउंडेशन हवा आणि स्किनचं तेल लागल्यावर थोडी गडद होतात, ऑक्सिडाइज होतात आपण म्हणतो ना ते. लगेच बघून निवडलेली शेड अर्ध्या तासाने विटकरी होते. चेहरा, मान आणि छाती तीन रंगांची असेल, आणि बऱ्याच जणींची असतेच, तर मी तरी छातीच्या जवळचा रंग धरते कारण फोटोत तीच चेहऱ्याच्या शेजारी येते, पण तुम्ही कपड्याचा गळा बघून ठरवा. आणि ३० शेड्स विकत घेण्यापेक्षा एकाच ब्रँडच्या पाच-सहा शेड्स आणि सोबत पिवळा, निळा, पांढरा मिक्सर घेऊन पॅलेटवर मिसळायला शिका. निळ्याचा एक टिपका पिवळ्या-केशरी फाउंडेशनला कसा ऑलिव्ह करतो ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, त्यानंतर शेडची भीती राहत नाही.

लाइट

मेकअप हा लाइटसाठीच बदलत आलाय. सिनेमा सुरू झाला तेव्हा नट स्टेजवरची जाड ग्रीसपेंट (तेलकट रंग) लावून कॅमेऱ्यासमोर यायचे, जवळून ती भेगाळलेली दिसायची, म्हणून हॉलिवूडचे मेकअप आर्टिस्ट मॅक्स फॅक्टर यांनी १९१४ मध्ये पातळ, लवचिक ग्रीसपेंट बनवली. पुढे टेक्निकलर, म्हणजे रंगीत सिनेमाचं तंत्र, आलं तर तीच ग्रीसपेंट चमकायला लागली, आजूबाजूचे रंग चेहऱ्यावर उमटायला लागले, म्हणून १९३७ च्या सुमारास पॅन-केक आला, ओल्या स्पंजने लावायचा आणि मॅट वाळणारा. म्हणजे त्या काळच्या सगळ्यात मोठ्या आर्टिस्टलाही लाइट बदलला तसं काम बदलावं लागलं. मग आपण पिवळ्या बल्बखाली बेस करून तो उन्हात छान दिसेल अशी अपेक्षा का करतो?

घरातला पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्व्हिनचा असतो, त्यात सगळ्या स्किन गुलाबी-सोनेरी छान दिसतात आणि ब्लश हमखास जास्त पडतो. काम करायला ५००० ते ५६०० केल्व्हिनचा, दिवसाच्या उजेडाच्या जवळचा लाइट घ्या, आणि पाकिटावर सीआरआय (त्या लाइटमध्ये रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर आहे का बघा, १०० म्हणजे रंग जसेच्या तसे. लाइट समोरून, चेहऱ्याच्या उंचीला. डोक्यावरच्या लाइटमुळे डोळ्याखाली सावली पडते आणि आपण त्या सावलीवर कन्सीलर लावत बसतो. रिंग लाइट सुंदर वाटतो पण सगळ्या सावल्या पुसून टाकतो, त्यात केलेला कंटूर बाहेर आल्यावर पट्ट्यासारखा दिसतो, म्हणून कंटूर झाला की रिंग लाइट बंद करून एकदा बघा.

फ्लॅशबॅकचं तर आधीच सांगून ठेवते. सिलिका जास्त असलेली पांढरी पावडर, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं जाड सनस्क्रीन, हे कॅमेऱ्याचा फ्लॅश परत फेकतं आणि चेहरा पांढरा फटक येतो. आरशात हे दिसत नाही, म्हणूनच धोका. माझी सवय अशी की क्लायंट उठायच्या आधी तीन फोटो काढायचे, एक खिडकीपाशी, एक खोलीच्या लाइटमध्ये, एक खोलीत अंधार करून फ्लॅशवर. मागच्या कॅमेऱ्याने, आणि फोनचा ब्यूटी मोड बंद करून. पांढरं दिसलं तर स्वच्छ मोठ्या ब्रशने पावडर झटकायची आणि स्किनच्या रंगाची थोडीशी पावडर दाबायची, बऱ्यापैकी सावरतं.

हात थरथरतो त्याचं काय

हे विचारायला मुली लाजतात. लाजायचं काय त्यात, सगळ्यांचा थरथरतो. उपाशी पोटी कामाला जाऊ नका, ही पहिली गोष्ट. मग करंगळीत पावडर पफ अडकवायचा आणि तो क्लायंटच्या गालावर टेकवून हाताला आधार घ्यायचा, म्हणजे बेसही खराब होत नाही. कोपर पोटाशी घट्ट. क्लायंटचं डोकं मागे टेकलेलं हवं, नाहीतर तुमचा हात स्थिर आणि ती हलतेय असं होतं. खुर्ची उंच घ्या, वाकून काम केलं की पंधरा मिनिटांत खांदा भरून येतो आणि थरथर तिथूनच सुरू होते. लायनर एका दमात ओढायची गरज नाही, पापण्यांच्या मुळाशी छोटे छोटे डॅश टाकत जायचं आणि मग जोडायचे, आणि प्रत्येक डॅश श्वास सोडताना. श्वास रोखून धरला की हात जास्त हलतो, करून बघा.

वेळेचं गणित पण हाताच्या थरथरण्याशी जोडलेलंय. घड्याळाकडे बघून घाबरण्यापेक्षा घरी प्रत्येक टप्पा मोजून ठेवा, स्किन प्रेप किती, बेस किती, डोळे किती. मी ७५ मिनिटांचं काम असेल तर ६० मध्ये संपवायची तयारी ठेवते आणि १५ मिनिटं दुरुस्तीसाठी राखून ठेवते, ती कोणाला सांगत नाही. डोळे आधी आणि बेस नंतर केला तर शॅडोचा भुगा पडायची भीती जाते आणि वेळही वाचतो, निदान गडद लूकला तरी असंच करा.

क्लायंटशी बोलणं

खुर्चीत बसल्या बसल्या ब्रश उचलायचा नाही. पाच मिनिटं बोलायचं. "तुम्हाला कसा मेकअप हवाय" हा प्रश्न उपयोगाचा नाही, सगळ्या जणी "नॅचरल" म्हणतात आणि प्रत्येकीचं नॅचरल वेगळं असतं. त्यापेक्षा विचारा, "याआधी कोणी मेकअप केला होता तेव्हा काय आवडलं नव्हतं?" याचं उत्तर फार नेमकं येतं, चेहरा पांढरा केला होता, भुवया जाड केल्या होत्या, मी मोठी दिसत होते. तिने फोटो दाखवला तर "यातलं नक्की काय आवडलं, डोळे की ओठ की स्किन?" बऱ्याचदा तिला फक्त लिपस्टिक आवडलेली असते आणि आपण पूर्ण लूक कॉपी करत बसतो.

आरसा शेवटी एकदम देऊ नका. बेस झाला की एकदा, एक डोळा झाला की एकदा. एका डोळ्यानंतर बदलणं सोपं आहे, दोन डोळे आणि लॅशेस झाल्यावर नाही. आणि "आवडलं नाही" ऐकायची पण प्रॅक्टिस करा, खरंच, मैत्रिणीला मुद्दाम बोलायला लावा. ऐकल्यावर लगेच सफाई द्यायची नाही की हाच ट्रेंड आहे वगैरे. विचारायचं, "कुठे खटकतंय, बोटाने दाखवता का?" तिने भुवईवर बोट ठेवलं की तुमचं काम पूर्ण चेहऱ्यावरून एका भुवईपुरतं उरतं. मग दोन पर्याय द्यायचे, "पुढचं टोक मऊ करू का रंगच हलका करू?" तिलाही बरं वाटतं आणि तुमचा हातही परत कामाला लागतो, घाबरायला वेळ राहत नाही.

नाही म्हणणं पण शिकायला लागतं. डोळे आलेले असतील तर आय मेकअप नाही. ओठावर तापाचे फोड असतील तर ओठांना आपलं काहीच लागणार नाही. मी शांतपणे सांगते, "तुमचंच दुखणं वाढू नये म्हणून आज हा भाग सोडूया, बाकी चेहरा असा करू की तिकडे लक्ष जाणार नाही." ट्रायलच्या वेळी ॲलर्जी विचारायची, लेटेक्स खास करून विचारायचं कारण बऱ्याच लॅश ग्लूमध्ये ते असतं. शंका असेल तर कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ ते ४८ तास बघायचं.

स्वच्छता तर क्लायंट बघत असते, बोलत नाही पण बघत असते. लिपस्टिक थेट ओठावर नाही, स्पॅचुलाने पॅलेटवर काढून. मस्काराला दरवेळी नवी डिस्पोजेबल कांडी, आणि तीही एकदा डोळ्याला लागली की परत ट्यूबमध्ये नाही. पॅलेट आणि चिमट्याला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्केवालं जास्त स्ट्राँग म्हणून आणू नका, ते पटकन उडून जातं, जंतू मरायला थोडं पाणी आणि थोडा वेळ लागतो. डबीवर उघड्या झाकणाचं चित्र आणि ६एम, १२एम लिहिलेलं असतं ते उघडल्यापासूनचे महिने, उघडल्याची तारीख मार्करने तिथेच लिहून टाका. पेन्सिल प्रत्येक क्लायंटच्या आधी शार्प करून. तिच्यासमोर हात धुवा, तिच्यासमोर स्प्रे मारा. स्वच्छ मांडलेलं किट बघून क्लायंट अर्धी निवांत होते, आणि ती निवांत असली की आपलाही हात निवांत चालतो.

आता कोर्सचं

ॲडव्हान्स कोर्स करूच नका असं मी म्हणत नाहीये, मी स्वतः केलेत आणि अजून करते. पण पैसे भरायच्या आधी विचारा की माझा हात किती चेहऱ्यांवर चालणार, बॅचमध्ये किती जण, मॉडेल्स कुठल्या स्किनच्या असतात, आणि शिकवणारी व्यक्ती अजून स्वतः क्लायंट घेते का. शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, माझी चूक झाली की तुम्ही हातातून ब्रश घेऊन स्वतः ठीक करता की माझ्याकडून करून घेता? जी बाई ब्रश हातात घेते तिच्याकडे फोटो छान मिळतात, जी तुमच्याकडून करून घेते तिच्याकडे तुम्ही शिकता. एअरब्रश, प्रोस्थेटिक्स हे वेगळे विषय आहेत, साधा बेस हाताने नीट बसला की मगच तिकडे वळा.

कोर्सपेक्षाही जास्त मला असिस्ट करण्याने शिकवलं. एखाद्या सिनियर आर्टिस्टबरोबर दहा-बारा कामं मागे उभं राहून करा. ब्रश धुवा, लॅशेस कापून तयार ठेवा, टच-अप बॅग धरा. आणि बघत राहा, ती मेकअप कसा करते यापेक्षा काही बिघडलं की ती काय करते ते बघा, चेहरा कसा ठेवते, क्लायंटशी काय बोलत बोलत हात फिरवते. तिच्या क्लायंटला स्वतःचा नंबर द्यायचा नाही, न विचारता फोटो टाकायचे नाहीत, हे सांगायला नको पण सांगतेय, कारण यावरून चांगली नाती तुटलेली मी बघितलीयेत.

स्वतःचे फोटो टाकताना स्किन गुळगुळीत करणारे फिल्टर वापरू नका. पोअर्स दिसू देत. फिल्टरच्या फोटोवर आलेली क्लायंट तेच चेहऱ्यावर मागते आणि ते कोणालाच जमत नाही, मग भीती अजून वाढते.

आणि एक वही करा. फोनमध्ये नको, कागदाची, किटमध्येच राहील अशी. काम संपलं की घरी जायच्या आधी तीन ओळी लिहायच्या, आज काय बिघडलं, कसं सावरलं, किती मिनिटं गेली. काहीच बिघडलं नाही तर तसं लिहा, पण तारीख टाका. महिन्याच्या शेवटी पानं चाळायची, जी चूक तीनदा आली असेल ती पुढच्या आठवड्याच्या टायमरवाल्या प्रॅक्टिसला घ्यायची. माझ्या पहिल्या वहीत ओठांच्या कडेचा तो राखाडीपणा चार पानांवर आहे, पाचव्यांदा तशी स्किन आली तेव्हा समोर फक्त लिहिलंय, ऑरेंज, पातळ, ६ मिनिटं.